माझ्या फोनचं शून्य

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. पुढे लिहीत गेलो की मी उन्हाबद्दल लिहीन, मोगऱ्याबद्दल लिहीन, आणि चूक कुठेतरी मधल्या परिच्छेदात अंग चोरून बसेल. एका उन्हाळ्यात मी माझ्या सख्ख्या बहिणीचं म्हणणं भर पंगतीत हसण्यावारी नेलं. तिचा फोन बिघडला होता आणि तो मीच बिघडवला होता. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. पण नंतर ठाऊक झालं, आणि तरीही मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याच्या बाजूने मात्र मला काहीच म्हणता येत नाही.

परवा कूलरच्या ताट्या बदलल्या. नव्या वाळ्यावर पाणी पडलं आणि तो ओला, मातकट, किंचित गोड वास घरभर पसरला. अमरावतीत उन्हाळा कॅलेंडर पाहून सुरू होत नाही, त्या वासाने सुरू होतो. मग दुपारी रस्ते रिकामे होतात. दुचाकीवरचे सगळे चेहरे दुपट्ट्यात गुंडाळले जातात, फक्त डोळे उघडे. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. घराघरांतून कूलरची घरघर येत राहते, जणू सगळा मोहल्ला एकदमच झोपून एकदमच घोरतो आहे. त्या वासासरशी मला मागचा उन्हाळा आठवतो. फोन हातात घेऊन भर उन्हात उभी असलेली अनोळखी माणसं आठवतात. आणि त्यांच्यामागे, वांग्याच्या पातेल्यापाशी, फोनचा काळा पडलेला पडदा अंगठ्याने दाबत उभी असलेली माझी शीलाताई.

मी इथल्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतो. नोकरी बेताची, पण एक छंद जडला होता. जुना, मंदावलेला फोन घ्यायचा, त्यातली कंपनीने घातलेली सगळी प्रणाली काढून टाकायची आणि दुसरी, हलकी, कुणा हौशी लोकांनी रचलेली प्रणाली घालायची. आमच्या मंडळीत याला फ्लॅश मारणं म्हणतात. दोन वर्षं अडखळत चालणारा फोन तासाभरात तरणाबांड होतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. मग मी माझ्याकडे होता त्या एका मॉडेलसाठी पायरीपायरीने मराठीत माहिती लिहिली, लागणाऱ्या सगळ्या फायलींचा एक गठ्ठा बांधला आणि तो इंटरनेटवरच्या एका ग्रुपात ठेवून दिला. बघता बघता तो गठ्ठा कुठे कुठे पोचला. कुणी माझी माहिती हिंदीत नेली, कुणी आणखी कुठल्या भाषेत. लोक मला गजाननभाऊ म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं.

त्या गठ्ठ्यात मी एक गोष्ट जास्तीची घातली होती. फ्लॅश मारताना काहींच्या हातून फोनचा एक छोटा कप्पा चुकून पुसला जायचा, आणि मग फोन धड चालायचा नाही. मी विचार केला, माझ्या फोनातला तो कप्पा चांगला आहे, त्याचीच नक्कल काढून सगळ्यांच्या गठ्ठ्यात टाकू, म्हणजे कुणी अडायला नको. त्या कप्प्यात नेमकं काय काय असतं, हे मी उघडून पाहिलं नाही. मला ती मदत वाटली. मदत करताना माणूस स्वतःवर इतका खूश असतो की तपासून बघायचं त्याच्या मनातही येत नाही.

शीलाताईचा फोन माझ्याच मॉडेलचा. दोघांचे आम्ही एकदमच घेतले होते. तिचाही मंदावला, तेव्हा मी मोठ्या प्रेमाने त्याच गठ्ठ्यातून त्याला फ्लॅश मारून दिला.

ताई अकोल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका गावात दिलेली. सासरी पिढ्यान्‌पिढ्या फुलांची शेती. काळ्याभोर जमिनीत झेंडू, विहिरीच्या बाजूला मोगरा, कडेने निशिगंध. भाऊजी अबोल. पहाटे तोडणी आणि संध्याकाळी पाणी, याच्यामध्ये ते फारसे शब्द वापरत नसत. बोलायचं काम ताईचं. दिवस कलला की ती वाफ्याच्या कडेला बाजेवर बसायची आणि फोन कानाला लावायची. हारवाले, मंडपवाले, मंदिराजवळचे दुकानदार. प्रत्येकाला ती आवाजावरून ओळखायची. "काहून रे, आज गळा बसला तुहा? पानी थंडं प्याला अशीन." एवढं बोलून मग फुलांचं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या घरी वास्तू, कुणाला पिवळा झेंडू चालतो आणि कुणाला नारिंगीच लागतो, हे सगळं तिच्या डोक्यात. उद्या पहाटे कुठल्या ओळी तोडायच्या, हे त्या बाजेवर, त्या फोनवर ठरायचं. सगळ्यांचं झालं की शेवटचा फोन मला. "जेवला का रे गज्या?" एवढंच. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण माझी संध्याकाळ त्या प्रश्नाशिवाय संपत नसे.

ताईच्या सासरी दर वर्षी चैत्र उतरला की शेतातल्या मारोतीला रोडगे करतात. वऱ्हाडात राहणाऱ्याला ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. त्या दिवशी आग पुरुषांची. एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारे पुरुष धोतर, पँटी वर खोचून आरापाशी बसतात, घामाने निथळतात आणि बायकांना हुकूम सोडतात की तुम्ही बसा निवांत. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली पंगत बसते. जमीन भेगाळलेली, वर पाखरांचा आवाज बंद, आणि आराच्या वरची हवा थरथरताना दिसते.

त्या वर्षी पंगत बसायच्या बेतात होती आणि ताईचा फोन वाजला. ती वांग्याच्या पातेल्यापाशी उन्हात उभी होती. तिने पदराला हात पुसून फोन उचलला. फोन वाजतोय, पण पडदा काळा. कुणाचा ते दिसेना, उचलायची खूण दिसेना. तिने अंगठा फिरवला, कडेचं बटण दाबलं, आणि फोन कटला.

"पाह्य बरं गजू," ती म्हणाली, "तू हा नवा करून देल्ला, तवापासून असाच करून राहिला. मंडपवाले म्हनतात, बाई आमचा फोन कापते."

मी फोन घेतला, झाडाच्या सावलीत नेला आणि माझ्या फोनवरून लावून पाहिला. वाजला, उजळला, उचललाही गेला.

"चालून तर राहिला!"

"तुह्या हाती चालते. माह्या हाती नाई चालत."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण समोर पंगत होती, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी फोनातला जाणता होतो. "मंग फोन नाई बिघडला ताई," मी म्हणालो, "तुहा गाल बिघडला. उचलायच्या आधीच गालाले लावते तू. अन् गालानंच कापते!"

पंगत खळखळून हसली. भाऊजीसुद्धा हसले. ताईचा धाकटा दीर विलास आरापाशी बसला होता, तो तिथूनच ओरडला, "वयनीचा गाल म्हनजे रिमोटच आहे ना!" पुन्हा हसू. मग तो उठून आला, हाताची राख झटकत. "आना वयनी, इकडं द्या. मंडपवाल्यायशी मीच बोलत जाईन आता. तुमी कायले तरास घेता."

ताईही हसली. हसता हसताच तिने फोन त्याच्या हातात दिला. तो त्याने शर्टाच्या वरच्या खिशात घातला. तो फोन त्या खिशात जाताना मी पाहिला आहे. आत काय काय गेलं, ते तेव्हा दिसलं नाही.

आधी नुसते फोन गेले. मग कुठल्या ओळी तोडायच्या ते विलास ठरवू लागला, कारण बोलणं त्याच्याशी होत होतं. मग पुढच्या हंगामात काय लावायचं तेही. विलास वाईट माणूस नाही; काम समोर आलं, त्याने उचललं. पण ज्या बाजेवर ताई बसायची, ती बाज उभी करून भिंतीला टेकवलेली मी पुढच्या खेपेला पाहिली. आणि माझी संध्याकाळ मुकी झाली. "जेवला का रे" विचारायला तिच्या हाती फोनच नव्हता. घरात तिला थट्टेने एक नावही पडलं होतं, रिमोटवाली. ते पाडण्यात पहिला हात माझा.

त्याच दिवसांत ग्रुपातही तक्रारी येऊ लागल्या. फोन वाजतो, पडदा काळा. बोलणं संपलं तरी पडदा काळा. मी उत्तर द्यायचो, माझ्याकडे व्यवस्थित चालतो, काचेवरचा गार्ड बदला, फोन नीट धरा. पुन्हा तेच, माझ्याकडे व्यवस्थित चालतो. ते वाक्य मी किती जणांना लिहिलं असेल! शेवटी थोडं चिडूनच मी जाहीर केलं की आता प्रत्येकाने आपल्या फोनची मापं पाठवावीत, म्हणजे कळेल दोष कुणाचा आहे. दोष लोकांचा निघणार, याची मला खात्री होती.

फोनच्या वरच्या कडेला, काचेखाली, एक बारीक डोळा असतो. प्रॉक्झिमिटी सेन्सर म्हणतात त्याला. आपल्याला न दिसणारा प्रकाश तो बाहेर सोडतो, तो प्रकाश आपल्या कानाला लागून परत येतो, आणि परत किती आला यावरून फोन ओळखतो की कान जवळ आला. कान जवळ आला की पडदा काळा करायचा, दूर गेला की उजळायचा. आपण आयुष्यभर फोनवर बोलतो, आणि प्रत्येक वेळी एक अदृश्य उजेड आपल्या कानाची पाळी चाचपून जातो, हे माझ्यासारख्यालाही त्या उन्हाळ्यापर्यंत कधी नीट जाणवलं नव्हतं. फोनात एक लपलेलं पान असतं, तिथे त्या डोळ्याला काय दिसतंय त्याचा आकडा दिसतो. मी लोकांना तीन आकडे मागितले. सावलीत समोर काही नसताना, त्या डोळ्यावर अंगठा ठेवून, आणि उघड्या उन्हात.

मला वाटलं होतं, दहा-वीस जण पाठवतील. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन ग्रुप उघडला. आकडे येतच होते. बडनेऱ्याच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याने दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत फलाटाच्या टोकाला, जिथे छप्पर संपतं तिथे, एक पाऊल सावलीत आणि एक उन्हात ठेवून मोजलं होतं. दर्यापूरच्या एकाने जीपच्या खाली हात घालून सावलीचा आकडा घेतला होता आणि उन्हाचा जीपच्या टपावरून, "हात पोळला भाऊ, पण आकडा बरोबर आहे" असं लिहून. अचलपूरच्या एका कापडवाल्याने दुकानात एक, चौकात एक. कुणी समुद्रात नावेवरून पाठवले. कुणी वाळवंटाच्या देशातून, कामाच्या सुट्टीत. कुणी जिथे तेव्हाही बर्फ होतं तिथून. त्याने लिहिलं होतं, हातमोजा काढून अंगठा ठेवला, म्हणून थोडा वेळ लागला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "माझा अंगठा थरथरतो. नातीचा गाल लावला तर चालेल काय?" मी लिहिलं, चालेल. त्यांनी नातीच्या गालाचा आकडा पाठवला.

गाल हा शब्द वाचून मला कुठेतरी टोचलं. पण मी पुढे गेलो.

मला त्या दिवसांचं अजून नवल वाटतं. या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यांना यातून काही मिळणार नव्हतं, मिळालाच तर सगळ्यांच्या फोनांना सारखाच उपाय मिळणार होता. तरी इतके सारे हात, कुठे कुठे, एकाच बारक्या डोळ्यावर अंगठा ठेवत होते, उचलत होते, लिहीत होते. कुणाच्या आकड्याच्या फोटोत मागे चूल दिसे, कुणाच्या मागे गुरं, कुणाच्या मागे दवाखान्याची हिरवी भिंत. मी लहानपणी गणपतीच्या आरतीला सगळ्या गावाचे हात एकदम टाळीला येताना पाहिले होते. त्यानंतर असं काही पाहिलं ते या उन्हाळ्यात, आणि तेही आवाजाशिवाय. मी दोष शोधायला निघालो होतो आणि लोक मला विश्वास पाठवत होते.

आकड्यांत आधी दिसलं ते ऊन. उन्हात गेलं की फोन आंधळा होई, कान जवळ आहे असं समजून पडदा मिटून घेई. सावलीत पुष्कळसे फोन वागत. अकोला, अमरावती, जिथे डांबर मऊ होतं तिथले फोन जास्त बिघडलेले. मला हायसं वाटलं. उन्हाचा दोष! वऱ्हाडात सगळ्याचं खापर उन्हावर फोडता येतं, आणि ते कधी उलटून बोलत नाही. मी ग्रुपात तसं लिहूनही टाकलं.

त्यावर चिखलदऱ्याकडच्या एका परिचारिकेने लिहिलं, "दादा, आमच्याकडे ऊन एवढं नाही, तरी होतं. कमी होतं, पण होतं." मग ग्रुपात चर्चा झाली आणि ठरलं की आणखी एक आकडा मागवायचा. फोन तयार होताना कारखान्यात त्या डोळ्यासमोर काहीही नसताना त्याला काय दिसतं ते मोजून ठेवतात. प्रत्येक काच वेगळी, प्रत्येक डोळा वेगळा, म्हणून प्रत्येक फोनचा हा आकडा वेगळा. ते त्या फोनचं शून्य. तिथून पुढे तो जवळ आणि दूर ठरवतो. तो साठवलेला आकडा सगळ्यांनी पाहून पाठवायचा.

दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कूलरचं पाणी संपून तो नुसती गरम हवा ओढत होता आणि मला उठून पाणी भरायचं सुचत नव्हतं. कारण आकडे येत होते, आणि सगळे सारखे होते. बडनेऱ्याचा, दर्यापूरचा, नावेवरचा, बर्फातला. एकच आकडा. जणू एवढ्या सगळ्या माणसांच्या हाताच्या रेषा एकसारख्या निघाव्यात. ज्यांनी माझा गठ्ठा न वापरता दुसरीकडून फ्लॅश मारली होती, त्या मोजक्यांचे मात्र वेगवेगळे.

आणि मग त्याच परिचारिकेचा निरोप आला. अगदी साधा. "दादा, तुमचा आकडा राहिला. तुमच्या स्वतःच्या फोनचा पण टाका ना."

खरंच राहिला होता. सगळ्यांचं मोजणारा मी, मोजणीच्या बाहेर उभा होतो. मी खिशातून फोन काढला, ते पान उघडलं. तोच आकडा.

माझं शून्य. त्या पुसल्या जाणाऱ्या कप्प्यात इतर गोष्टींबरोबर हेच होतं, आणि मदत म्हणून मी ते सगळ्यांच्या फोनांत भरून दिलं होतं. माझ्या फोनाला जे जवळ वाटतं तेच त्यांच्या फोनांनी जवळ समजायचं, माझ्या फोनाला जे दूर तेच त्यांनी दूर. ज्यांची काच माझ्यासारखी होती त्यांचं निभावलं. बाकीच्यांचे फोन रिकाम्या हवेला कान समजत होते, आणि उन्हात तर पुरतेच गोंधळत होते. माझ्याकडे व्यवस्थित चालतो, कारण मापच माझं होतं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. एक मध्यमवयीन माणूस अमरावतीच्या एका खोलीत बसून न बघता काहीतरी करतो, आणि समुद्रावरचा एक फोन त्याच्या डोळ्यांनी जग बघू लागतो. आणि तेच अनोळखी लोक ऊन सोसून, हातमोजे काढून, ती गोष्ट त्याच्यासमोर आणून ठेवतात, कुठेही आवाज न चढवता.

ग्रुपात मी त्याच दिवशी सगळं लिहिलं. चूक माझी, गठ्ठा माझा, आकडा माझा. मग काही जाणत्या मंडळींनी मिळून एक छोटा प्रोग्राम तयार केला. फोन सावलीत उताणा ठेवायचा, वर काहीही येऊ द्यायचं नाही, आणि तो आपलं शून्य आपण शोधून घेतो. लोकांनी ठेवले. झालं, झालं, झालं, असे निरोप येत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे ते दिसायचं, ठिकठिकाणी टेबलांवर, ओट्यांवर, नावेच्या फळीवर फोन उताणे पडले आहेत आणि रिकाम्या आकाशाकडे बघून स्वतःपासून मोजायला शिकताहेत. कुणी रागावलं नाही. दर्यापूरवाल्याने लिहिलं, "चालते भाऊ. आपलाच मानूस." त्या एका ओळीने मला रडू आलं होतं.

ज्यांची तोंडं पाहायची नसतात त्यांच्यासमोर चूक कबूल करणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. कारण ताई उरली होती.

मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला आणि तिथून ताईच्या गावी गेलो. मनात होतं, सांगून टाकायचं. विलासने खिशातून फोन काढून दिला. "बघतो जरा," म्हणून मी तो पडवीत उताणा ठेवला, त्याचं शून्य त्याला शोधू दिलं, आणि परत दिला. चहा आला. विलास म्हणाला, "पाहा गजाननभाऊ, माह्या हाती आल्यापासून कसा मस्त चालून राहिला. मधी उन्हात जराक अडे, आता तेबी नाई. वयनीच्या हातालेच लागत नोता तो."

ताई कोपऱ्यात मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिने मान वर केली नाही. उमललेली कळी बाजूला, मिटलेली टोपलीत. उमललेली बाजूला, मिटलेली टोपलीत. मला नुसतं तोंड उघडायचं होतं. मी बशीत चहा ओतला, फुंकला आणि प्यालो. मागच्या वेळी मी अजाणता बोललो होतो. या वेळी जाणून गप्प बसलो. निघताना तिने पुडीत मोगरा बांधून दिला. गाडीभर तो वास येत राहिला आणि मूर्तिजापूर गेलं तरी मला खिडकीबाहेर बघवेना.

त्यानंतर पाऊस आला, गेला. तुरी आल्या. थंडीत ग्रुपातल्या त्या आजोबांनी नातीचा फोटो पाठवला, ही ती गालवाली, म्हणून. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. एका अनोळखी मुलीच्या गालाचं मला मोल होतं. तो आकडा मी नीट जपून ठेवला होता. आणि माझ्या बहिणीच्या गालावर मी पंगत हसवली होती. ती म्हणाली होती, तुझ्या हाती चालतो, माझ्या हाती नाही चालत. तेही मोजमापच होतं. इतकं नेमकं, की बर्फातून आणि नावेवरून मागवलेल्या सगळ्या आकड्यांनी शेवटी तेच सांगितलं. पण ते मी मागितलेलं नव्हतं, आणि घरातून आलं होतं, म्हणून मी ते घेतलं नाही.

आणि आता पुन्हा वाळ्याचा वास, पुन्हा रोडग्यांचं निमंत्रण. फोन विलासचाच आला. काल गेलो.

तेच कडुनिंबाचं झाड, तोच मारोती, नवा शेंदूर. आराची धग तोंडावर येत होती. मी मुद्दाम रोडगे भाजायला बसलो, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तरी धुराचं वाटावं. ताई वांग्यांचं पातेलं घेऊन जवळून चालली होती. मी हळूच म्हणालो, "ताई, थांब. त्या फोनचं सांगायचं होतं. तो मीच बिघडवला होता. तुहा काही दोष नोता." आणि मग घाईघाईने ते शून्य, तो कप्पा, सगळं सांगत सुटलो.

तिने पातेलं खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले काहून सांगून राहिला, गज्या? माहा गाल मले माहीत आहे. ज्याइच्यासमोर हासला, त्याइच्यासमोर सांग." आणि पुढे गेली.

पंगत बसली. भाऊजी, विलास, चुलते, जावा, शेजारचे, पोरंसोरं. माझ्या हातात रोडग्यांचं ताट होतं, तुपाने बोटं ओली होती. मी वाढत वाढत मधोमध आलो आणि थांबलो. एवढे अनोळखी लोक उन्हात उभे राहिले होते. मला तर सावलीत उभं राहून बोलायचं होतं.

"जरा ऐका सगळे," मी म्हणालो. पुन्हा, मोठ्याने म्हणालो. "मागच्या साली याच झाडाखाली मी म्हनलो होतो, ताईचा गाल फोन कापते. तुमी सगळे हासले. ते खोटं होतं. ताईच्या फोनात मी माह्या फोनचं माप भरून देल्लं होतं, त्याच्यानं तो आंधळा झाला होता. ताई बरोबर सांगत होती, मीच ऐकलं नाई. मंग मले कळलं, तवा मी येऊन गुपचूप सुधरवून गेलो. विलासभाऊ, तुमच्या हाताचं नाव झालं, अन् मी तिथंच बसून चहा पेत होतो. तुमच्या हाताचा काही गुन नाई त्याच्यात, अन् ताईच्या हाताचा काही दोष नाई. ज्याच्यामुळं तिच्यापासून फोन गेला, अन् फोनासंगं बाकीचं सगळं गेलं, तो मी आहो."

विलासचा हात नकळत खिशाकडे गेला होता. ताई पंगतीच्या टोकाला होती, माझ्याकडे सरळ बघत. मी ताट खाली ठेवलं, तिच्यापर्यंत चालत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो,

"ताई, तुले मी सगळ्यायसमोर हासलो. चूक माही होती. मले माफ कर."